हवाईच्या ज्वालामुखी उद्यानात खासगी गाईड कशासाठी घ्यावा?

हवाई बेटसमूहातल्या सर्वांत मोठ्या बेटावरचे ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान गाईडशिवाय पाहता येत नाही, असे मुळीच नाही. एका मोटारीचे ३० डॉलर भरले की सात दिवस हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येते, रस्ते उत्तम आहेत, बहुतेक थांब्यांवर माहितीचे फलक आहेत आणि उद्यानाचे रेंजर विचारलेल्या प्रश्नांना मनापासून उत्तरे देतात. त्यामुळे काही शे डॉलर मोजून फक्त आम्हा चौघांसाठी एक गाईड आणि त्याची गाडी दिवसभर ठरवावी, हा माझा प्रस्ताव घरात सहजासहजी मान्य झाला नाही. माझे सासरे स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. नकाशा हाताशी असताना वाट दाखवायला वेगळा माणूस कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि त्यांना फार चालवत नाही, या एका मुद्द्यावर शेवटी मी माझा प्रस्ताव मान्य करून घेतला. वाट आमची आम्हाला सापडली असती, हे मी आजही कबूल करते; पण या उद्यानात जे पाहायचे त्यातले बरेचसे आज जागेवर नाही, आणि ते पाहायचे तर ज्याने ते पूर्वी पाहिले आहे असा माणूस बरोबर लागतो.

उद्यानाच्या हद्दीत पैसे घेऊन पर्यटकांना फिरवायचे असेल, तर राष्ट्रीय उद्यान सेवेचा व्यावसायिक परवाना लागतो. म्हणून ठरवण्यापूर्वी मी सर्वांत आधी परवान्याचीच चौकशी केली. आमचे गाईड बेटावरच्या हिलो शहराचे रहिवासी, पन्नाशीच्या पुढचे आणि भूविज्ञान शिकलेले गृहस्थ होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी फोन करून स्वच्छ सांगितले, की सध्या उद्रेकाच्या दोन टप्प्यांमधला विराम चालू आहे, उद्या लाव्हा दिसण्याची शक्यता कमी आहे, आणि केवळ त्यासाठीच येणार असाल तर तारीख बदलू शकता. आमच्या परतीची तिकिटे ठरलेली असल्यामुळे तारीख बदलणे शक्य नव्हते, पण ज्या माणसाला आपला दिवस बुडाला तरी चालतो त्याच्यावर विश्वास ठेवावा, असे सासऱ्यांनाही त्या फोननंतर वाटू लागले.

हा टप्प्यांचा प्रकार थोडा समजावून सांगायला हवा. उद्यानातल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या माथ्यावरचा सध्याचा उद्रेक २३ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाला. तो अखंड वाहत नाही. काही तास, क्वचित काही दिवस, हालेमाऊमाऊ विवराच्या तळाशी असलेल्या दोन मुखांतून लाव्हाची कारंजी उडतात आणि मग अचानक सारे थांबते. यातली काही कारंजी ३०० मीटरहूनही उंच गेली. विरामाच्या काळात माथ्याखाली शिलारस पुन्हा साठू लागतो, त्याच्या दाबाने जमीन किंचित फुगते, आणि ही फूग मोजण्यासाठी माथ्यावर कलमापक यंत्रे बसवलेली आहेत. डोळ्यांना तर सोडाच, गवंड्याच्या लेव्हललाही जाणवणार नाही इतका सूक्ष्म कल ती टिपतात. पुढचा टप्पा सुरू झाला की आलेखाची चढती रेषा झपकन खाली येते. शास्त्रज्ञ या चढावरून पुढच्या टप्प्याचा अंदाज वर्तवतात, पण तो दिवसांचा असतो, घड्याळातल्या वेळेचा नसतो. गाडीत बसल्याबसल्या गाईडनी हा आलेख फोनवर उघडून सासऱ्यांच्या हातात दिला, आणि हिलोपासून उद्यानापर्यंतचा पाऊण तासाचा रस्ता त्या दोघांच्या बोलण्यात कसा संपला ते आम्हा बाकीच्यांना कळलेही नाही.

पहिला थांबा उएकाहुना या कड्यावर होता. इथून सबंध काल्डेरा, म्हणजे माथा खचून तयार झालेले विस्तीर्ण खोरे, आणि त्याच्या पोटातले हालेमाऊमाऊ एका दृष्टिक्षेपात दिसते. काळे, करडे, मधेच गंधकाने पिवळसर झालेले कडे आणि तळाशी ताज्या लाव्हाचे काळे पटांगण, त्यातून निघणारे पांढरे धुराचे दोन लोट. फलक वाचून आणि छायाचित्रे काढून पंधरा मिनिटांत निघावे असे ते दृश्य आहे, आणि आजूबाजूचे बहुतेक लोक तसेच करत होते. आम्ही तिथे तासाभराहून अधिक वेळ होतो. गाईडनी आम्हाला कठड्यापाशी न नेता आधी मागच्या मोकळ्या जागेवर उभे केले आणि सांगितले, की तुम्ही ज्वालामुखी वेधशाळेच्या आणि संग्रहालयाच्या जागेवर उभे आहात. थॉमस जॅगर या भूवैज्ञानिकाने १९१२ मध्ये हवाई ज्वालामुखी वेधशाळा स्थापन केली. तिची पुढच्या काळातली इमारत आणि जॅगर यांच्याच नावाचे संग्रहालय या कड्यावर शेजारी शेजारी होते. २०१८ मध्ये इथली जमीन अशी काही हादरली, की दोन्ही इमारतींचे मोठे नुकसान झाले, आणि पुढे त्या उतरवून टाकाव्या लागल्या.

त्यानंतर त्यांनी २०१८ च्या त्या घटना तारीखवार सांगितल्या. त्याआधी दहा वर्षे हालेमाऊमाऊमध्ये तळपता लाव्हाचा तलाव होता आणि रात्री लोक याच कड्यावरून तो पाहत असत. विवर तेव्हा जेमतेम ८५ मीटर खोल होते. मे महिन्याच्या सुरुवातीला माथ्याखालचा शिलारस पूर्वेकडच्या भेगांच्या पट्ट्यातून वाहून जाऊ लागला आणि सुमारे ४० किलोमीटर अंतरावर लेइलानी एस्टेट्स या वसाहतीत घरांच्या मधोमध जमीन फाटून वर आला. तिकडे ७०० हून अधिक घरे गेली. इकडे माथ्याखाली पोकळी झाली, लाव्हाचा तलाव दिसेनासा झाला आणि पुढचे तीन महिने काल्डेराचा तळ टप्प्याटप्प्याने खचत राहिला. असे साठाहून अधिक मोठे धक्के बसले आणि त्यांतला प्रत्येक धक्का पाच रिश्टरच्या वरच्या भूकंपाइतकी ऊर्जा सोडत होता. ऑगस्टपर्यंत विवर ५०० मीटरहून अधिक खोल झाले होते. कड्याभोवती फिरणाऱ्या रस्त्याचा एक भाग वाहनतळासकट खाली गेला. गाईडनी बोटाने हवेतली एक जागा दाखवली आणि म्हणाले, की तिथे मी माझी गाडी लावत असे. सासरे त्या बोटाच्या दिशेने बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, की रस्त्याच्या पायाखाली काय होते. अभियंत्याला दुसरे काय सुचणार?

पुढची हकिगत मला सर्वांत विलक्षण वाटली. २०१९ च्या उन्हाळ्यात त्या कोरड्या खोल खड्ड्याच्या तळाशी पाणी साचू लागले. भूजलाची पातळी विवराच्या नव्या तळापेक्षा उंच असल्याने ते झिरपून वर येत होते. वाढता वाढता ते सुमारे ५० मीटर खोल, वाफाळणारे, तांबूस-पिवळ्या रंगाचे तळे झाले. २० डिसेंबर २०२० च्या रात्री विवराच्या भिंतीतून लाव्हा फुटला आणि ते सगळे तळे उकळून वाफ होऊन गेले. त्यानंतर एकामागून एक उद्रेकांनी त्या खड्ड्याचा बराच भाग पुन्हा भरून काढला आहे. म्हणजे आम्ही ज्या काळ्या पटांगणाकडे पाहत होतो, त्याच्या खाली एक नाहीसे झालेले तळे, त्याच्याखाली कोसळलेला रस्ता आणि त्याच्याही आधीचा लाव्हाचा तलाव होता. हे फलकावर लिहिलेले असतेही, पण ज्याने या प्रत्येक अवस्थेत याच कठड्यावर उभे राहून लोकांना माहिती दिली आहे, त्याच्या तोंडून ऐकताना त्या पटांगणाला खोली येते.

मौना लोआविषयी दोन वाक्ये लिहायलाच हवीत. त्याच कड्यावरून पश्चिमेला तो ४,१६९ मीटर उंचीचा पर्वत दिसतो, असे गाईडनी सांगितल्यावर सासूबाईंनी विचारले, की पर्वत आहे कुठे? पातळ, वाहत्या लाव्हाचे थर साचून झालेल्या ढाल ज्वालामुखीचा उतार इतका सौम्य असतो, की आकाशाच्या कडेने जाणारी ती लांबच लांब रेषा हाच पर्वत आहे, हे सांगूनही पटत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस, ३८ वर्षांच्या शांततेनंतर, तोही जागा झाला होता.

खासगी सहलीचा खरा व्यावहारिक फायदा इथून पुढे दिसला. आमच्या कार्यक्रमात यानंतर वाफेच्या भेगा आणि गंधकाचा परिसर होता. परंतु नेहमीचा ईशान्येकडचा वारा त्या दिवशी मंदावला होता. हा व्यापारी वारा वाहत असला की विवरातला सल्फर डायऑक्साइड नैर्ऋत्येच्या ओसाड भागाकडे जातो. तो पडला की वायू काल्डेरावरच रेंगाळतो आणि पर्यटकांच्या थांब्यांकडेही येतो. दम्याच्या रुग्णांना, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्याचा त्रास होतो, असे इशारे उद्यानात ठिकठिकाणी लिहिलेले आहेत. गाईडनी सासूबाईंना एकदाच विचारले, की घशात खवखव होते का, आणि त्या 'किंचित' म्हणताच कार्यक्रम उलटा केला: आधी खाली जंगलात आणि समुद्राकडे, माथ्यावर परत संध्याकाळी, वारा आलाच तर. पन्नास जणांच्या बसला असे वळणे कसे जमले असते, हे मला ठाऊक नाही. आम्हाला मात्र त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

किलाउएआ ईकी या शेजारच्या विवराच्या काठावर आम्ही दोन गट केले. सासूबाई आणि माझे यजमान वरच्या सावलीतल्या वाटेने सावकाश फिरले. सासरे, मी आणि गाईड तळापर्यंत उतरलो. सगळी फेरी सहा किलोमीटरच्या आसपास आहे आणि उतार सुमारे १२० मीटरचा. सुरुवातीला वृक्षनेचे आणि ओहिआची झाडे इतकी दाट आहेत, की खाली विवर आहे याची कल्पनाही येत नाही. मग एका वळणानंतर झाडी एकदम संपते आणि सपाट काळा तळ समोर येतो. १४ नोव्हेंबर १९५९ रोजी इथे उद्रेक सुरू झाला आणि २० डिसेंबरपर्यंत चालला. त्यातले सर्वांत उंच कारंजे सुमारे ५८० मीटरचे होते. वर उडालेला लाव्हा खाली पडताना राख आणि दगडांचा होऊन वाऱ्याच्या दिशेने साचला आणि त्याची एक टेकडी, पुउ पुआई, काठावर उभी राहिली. विवरात उरला तो १२० मीटरहून अधिक खोलीचा लाव्हाचा तलाव. त्यावर साय धरावी तसा वरचा थर लवकरच घट्ट झाला, पण आतला लाव्हा पूर्ण गोठायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. या काळात शास्त्रज्ञांनी वरच्या कवचाला पुन्हा पुन्हा भोके पाडून लाव्हा कसा थंड होतो, त्यात कोणते खनिज आधी तयार होते, हे मोजले.

आज त्या तळावरून चालताना मोठमोठ्या तिरप्या लाद्या, त्यांच्यामधल्या भेगा आणि त्या भेगांतून वर येणारी वाफ दिसते. ती वाफ म्हणजे पावसाचे पाणी. ते आत झिरपते, अजून गरम असलेल्या खडकाला टेकते आणि परत येते. सासऱ्यांनी एका भेगेवर हात धरला आणि काही न बोलता मलाही खूण केली. भेगांच्या कडेला ओहिआची वितभर रोपे होती, काहींना लाल झुपकेदार फुलेही आलेली होती. नव्या लाव्हावर रुजणारे हे पहिल्या झाडांपैकी एक. सध्या त्याच्यावर एका बुरशीचे मोठे संकट आहे. तिच्यामुळे धडधाकट दिसणारे झाड थोड्याच आठवड्यांत वाळून जाते, आणि ही बुरशी बुटांच्या मातीतूनही पसरते. वाटेच्या तोंडाशी बुटांचे तळवे घासायला ब्रश ठेवलेले असतात. आमच्यापुढचे काही जण ते ओलांडून सरळ गेले, तेव्हा दिवसभर शांत असलेले आमचे गाईड पहिल्यांदा थोडे कडक आवाजात बोलले.

नाहुकू ही लाव्हाची नळी लहान आहे, आत दिवे आहेत, आणि गर्दी असते. वरचा लाव्हा गोठून छत झाले, आतला वाहून गेला आणि बोगदा उरला, एवढे कळले की पुढे निघावे. लॉरिन थर्स्टन या वृत्तपत्रमालकाने १९१३ मध्ये ती प्रकाशात आणली, म्हणून तिला त्यांचेही नाव आहे. सासूबाईंना मात्र छतातून लोंबणारी ओहिआची मुळे फार आवडली, आणि आमच्या घाईला त्यांनी दाद दिली नाही.

तिथून चेन ऑफ क्रेटर्स रोड समुद्राकडे उतरतो. सुमारे ३० किलोमीटरमध्ये ११०० मीटर. वाटेत पेट्रोल, पाणी, खाणे काहीही मिळत नाही. आधी झाडीतली लहान-मोठी विवरे लागतात, मग १९६९ ते १९७४ या काळात मौना उलु या मुखातून आलेल्या लाव्हाची मैदाने, आणि मग एका कड्यावरून खाली निळा समुद्र आणि त्याच्यापर्यंत ओघळून गेलेले काळे पट्टे. इथे गाडी थांबवून गाईडनी लाव्हाचे दोन प्रकार शेजारी शेजारी दाखवले: सुरकुत्या पडलेला, गुळगुळीत, चकाकणारा पाहोएहोए आणि खडबडीत, धारदार ढेकळांचा आआ. दोन्हींचे रसायन एकच असू शकते. वाहताना तापमान किती उतरले आणि प्रवाह किती वेगाने ओढला गेला, त्यावर रूप ठरते. सह्याद्रीचा कातळही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असाच थरावर थर साचून झाला, हे शाळेपासून पाठ होते. त्याची सुरुवातीची कोवळी अवस्था हाताखाली येण्याचा प्रसंग मात्र हा पहिलाच.

पुउलोआच्या कातळशिल्पांपर्यंत पाहोएहोएवरून एक किलोमीटरहून थोडे अधिक चालावे लागते. ऊन होते, सावली अजिबात नव्हती, तरी सासूबाई आल्या. शिल्पांभोवती लाकडी पायवाट केलेली आहे आणि तिच्यावरून उतरायला मनाई आहे. २३,००० हून अधिक आकृती इथे कोरलेल्या आहेत, त्यात माणसे आहेत, वर्तुळे आहेत, पण सर्वाधिक भरतात ती साधी वाटोळी खळगी. बाळाची नाळ अशा खळग्यात ठेवून त्याला दीर्घायुष्य मागण्याची इथल्या लोकांची रीत होती. त्यासाठी दूरदूरच्या गावांतून लोक इथे येत. सासूबाईंनी विचारले, की नाळ ठेवल्यावर वर काय ठेवत? गाईड म्हणाले, दगड. त्या 'बरोबर' म्हणाल्या आणि लाकडी पायवाटेवरच बसून राहिल्या. दिवसभरातल्या सगळ्या ठिकाणांत हे एकच ठिकाण त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

रस्ता समुद्रापाशी संपतो. तो मुळात किनाऱ्याने कालापाना गावापर्यंत जात असे; १९८३ ते २०१८ अशी पस्तीस वर्षे चाललेल्या, किलाउएआच्याच पुउ ओओ या मुखाच्या उद्रेकात १९८६ पासून त्याच्यावर लाव्हाचे थर चढत गेले आणि पुढचा भाग गाडला गेला. होलेईची सागरी कमान रस्ता संपतो त्याच्या जवळूनच दिसते. सुंदर आहे, लाटा तिला रोज कुरतडत आहेत, त्यामुळे तीही कायमची नाही. परतीच्या वाटेवर नेने पक्ष्यांची एक जोडी रस्त्याच्या कडेला होती. विसाव्या शतकाच्या मध्याला हा पक्षी सुमारे तीसच्या घरात उरला होता. आता हजारोंच्या संख्येत आहे, तरी गाड्यांखाली येतो. गाईडनी वेग कमी केला, खिडकीतूनही खाऊ टाकू नका असे बजावले, आणि आम्ही टाकणार नव्हतोच तरी ते बजावणे मला आवडले.

पेले या ज्वालामुखीच्या देवीविषयी ते दिवसभरात फार थोडे बोलले. हालेमाऊमाऊ हे तिचे घर आहे, इथले अनेक लोक आजही तिला मानतात, म्हणून विवरात काही फेकू नये आणि नैवेद्य म्हणून मद्य किंवा फळे ठेवून जाऊ नये, एवढेच. दगड नेणाऱ्याला तिचा शाप लागतो अशी जी गोष्ट पर्यटकांत सांगितली जाते, तिच्याविषयी मी मुद्दाम विचारले. ती जुनी हवाईयन परंपरा नाही, अलीकडची आहे, असे त्यांनी सांगितले. दगड उचलणे कायद्याने गुन्हा आहे, तेवढे कारण पुरेसे नाही का, असेही विचारले. खासगी गाईड म्हणजे रंजक दंतकथांचा पुरवठा, अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी दुसरा गाईड पाहावा.

संध्याकाळी वारा पुन्हा सुटला आणि आम्ही माथ्यावर परत गेलो. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर असल्यामुळे अंधार पडताच चांगलीच थंडी वाजते. अंगावर जाड कपडे हवेतच. लाव्हा उसळला नाही. दोन मुखांपैकी एकाच्या तोंडाशी मात्र तांबूस उजाळा होता आणि वरच्या वाफेवर त्याचा रंग चढत-उतरत होता. आमच्या शेजारचे कुटुंब निराश होऊन निघून गेले, आणि त्यांना दोष देता येणार नाही, कारण त्यांना कोणीतरी कारंज्याचे आश्वासन दिले असावे. असे आश्वासन देणारा गाईड परवानाधारक असला तरी टाळावा, असे माझे मत आहे.

ठरवण्यापूर्वी विचारण्यासारखे आणखी थोडेसे. गाडीत जास्तीत जास्त किती जण असतील, वारा फिरला तर कार्यक्रम बदलता येईल का, चालणे किती आणि न चालणाऱ्यासाठी पर्याय काय, उद्यानाचे शुल्क ठरलेल्या रकमेत धरले आहे का, हे सगळे लेखी घ्यावे. तिकडच्या पद्धतीप्रमाणे पंधरा ते वीस टक्के बक्षिसी वेगळी द्यावी लागते, तिचा हिशेब आधीच करून ठेवावा. उतरण्याची सोय बेटाच्या पश्चिमेकडच्या कोना बाजूला असेल तर केवळ जाण्यालाच दोन-अडीच तास लागतात, तेव्हा एका दिवसात विवर, जंगल आणि समुद्र हे तिन्ही आटोपायचे असतील तर गाडी चालवायला दुसरा माणूस असणे सोयीचे पडते. उलट उद्यानाच्या दाराशी असलेल्या व्होल्केनो गावात दोन-तीन रात्री राहणार असाल, सगळे धडधाकट असाल आणि वेधशाळेची रोजची माहिती वाचायची सवय असेल, तर दिवसभराचा गाईड न घेता एक सकाळ तेवढी रेंजरसोबतच्या फेरीला द्यावी. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.